लाजेच्या जागेचं दुखणं

माझा आजार ज्या जागी झाला तिचं नाव चारचौघांत घेत नाहीत. म्हणून त्याविषयी कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून माणसं दवाखान्यात उशिरा पोचतात. मीही उशिराच पोचलो. थोडक्यात वाचलो. आता ऐंशी ओलांडली, लाज वाटायचं वय मागं पडलं, तेव्हा सरळ सांगतो: मला लिंगाचा कॅन्सर झाला होता. मी तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांचा, नगरला मोटारीवर ड्रायव्हर. महायुद्ध चालू होतं.

हे लिहावं की नाही ते मी आधी यमुनेला विचारलं. यमुना माझी बायको. ती पालक निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "लिवा. पन अर्धं लिवू नका. अर्धं लिवायचं आसंल तर ऱ्हाऊ द्या."

म्हणून सगळं लिहितो आहे.

*

नगरहून सोनईला आमची सर्व्हिस मोटार जायची. सकाळी निघायचं, इमामपूरचा घाट ओलांडून घोडेगावला थांबायचं, तिथून वळून सोनई. संध्याकाळपर्यंत परत नगर. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मालकानं मोटारीच्या मागं लोखंडी भट्टी बसवून घेतली होती. तीत लाकडाचा कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवत राहायचं, गॅस धरला की इंजिन सुरू व्हायचं. घाटात मोटार दमली की पाशिंजर खाली उतरून ढकलायचे आणि मला शिव्या द्यायचे. तो कामाचाच भाग होता.

मालकाचं नाव उस्मानभाई. नगरचेच. स्वतः मिस्त्रीकाम शिकलेले, त्यामुळे मालक असूनही हात कायम काळे. मला त्यांनी क्लीनरचा ड्रायव्हर केला होता.

मला लहानपणापासून एक खोड होती. पुढची कातडी मागे सरकायची नाही. आईनं लहानपणी तेल लावून पाहिलं, नंतर तिनंही सोडून दिलं. आपल्यात असं असतं असं मी धरून चाललो. लग्न झालं, शेवंता झाली, तरी ते तसंच. मग एका उन्हाळ्यात आत खाज सुटायला लागली. बोटानं चाचपलं की कातडीखाली कण्यांएवढं खरखरीत लागायचं. चामखीळ असेल, जाईल. ती गेली नाही. तिच्या शेजारी दुसरी आली, मग सगळं मिळून एकच झालं आणि कातडी आतून फुगली. पाणी यायला लागलं. वास यायला लागला.

त्या वासाचं काय सांगू. कोळशाच्या धुरात तो लपायचा, म्हणून मला मोटारीत बरं वाटायचं आणि घरी जीव घाबरा व्हायचा. माझी धोतरं मी स्वतः धुवायला लागलो. ड्युटीवर धोतराच्या आत फडकं बांधायचो. यमुनेजवळ जाणं बंद केलं. तिला कारण सांगितलं नाही. उकडतंय म्हणून बाहेर ओट्यावर झोपायला लागलो आणि थंडी पडली तरी आत गेलो नाही.

ड्रायव्हर म्हटला की गावोगाव त्याच्या बाया असणार, असं लोक तेव्हा धरूनच चालायचे. यमुनेच्या कानावरही ते होतंच. एक दिवस भाकरी वाढताना तिनं विचारलं, "तुमचं कुठं दुसरीकडं हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"मग काय हाय?"

मी जेवण उरकून उठलो. तिच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं असतं तर आम्हा दोघांचे बरेच महिने सुखाचे गेले असते. पण तोंड उघडेना. तिला वास आधीच आला होता, हे मला फार नंतर कळलं. तिनंही ते तोंडातून काढलं नव्हतं.

*

रस्त्यावरच्या एका गावात एक डॉक्टर बसायचे. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, काय करता? ड्रायव्हर, म्हणालो. त्यांनी कपडा बाजूला करायला सांगितलं नाही. "गरमी आहे," म्हणाले, म्हणजे बाहेरच्या बाईकडून लागणारा रोग, आणि दंडात सुई टोचली. आठवड्याला एक याप्रमाणे पुष्कळ सुया झाल्या. दुखणं वाढतच गेलं. मी मनाशी म्हणायचो, मी कुठं गेलो नाही, मला गरमी कशी? पण डॉक्टरला उलटं विचारायची रीत नव्हती. आणि खरं सांगायचं तर गरमी हे नाव ऐकल्यावर मी जास्तच गप्प झालो. आता यमुनेला सांगितलं तर ती काय समजेल?

शेवटी उस्मानभाईंनी पाहिलं. मोटार सोनईहून येऊन अड्ड्यावर लागली होती. मी खाली उतरलो आणि ते सीटकडे बघत राहिले. सीटवर रक्ताचा डाग होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या धोतराकडे पाहिलं. अड्ड्यावर माणसं होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. मी ते कमरेला गुंडाळलं.

"मूळव्याध?" बाजूला नेऊन त्यांनी हळू विचारलं.

"न्हाई. पुढं हाय."

ते म्हणाले, "मला दाखवू नको, रंगनाथ. पण डॉक्टरला दाखव. उद्या मोटार दुसरा नेईल. मी तुला दवाखान्यात नेतो, माझ्या ओळखीचे डॉक्टर हायेत. लाज वाटत आसंल तर मी भाईर बसतो."

"उस्मानभाई, मी तसलं काय केलेलं न्हाई."

"मी इचारलं का तुला?"

*

नगरच्या त्या दवाखान्यातले डॉक्टर शिडशिडीत, हळू बोलणारे. गोरे साहेब नव्हेत, आपल्याकडचेच होते. त्यांनी हात धुतले, स्टूल पुढं ओढलं आणि बसून नीट पाहिलं. इतक्या महिन्यांत पाहणारा तो पहिला माणूस. त्यांच्या तोंडावर काही दिसतं का ते मी बघत होतो. नाक त्यांनी मुरडलं नाही.

तेच वाक्य मी त्यांनाही ऐकवलं, की साहेब, मी तसल्या ठिकाणी कधी गेलो नाही.

"गेला असता तरी औषध हेच असतं," ते म्हणाले. "कसं झालं यापेक्षा किती दिवस झाले ते मला सांगा."

मी सांगितलं. कातडी लहानपणापासून घट्ट, तेही सांगितलं. ते म्हणाले, ज्यांची लहानपणीच सुन्ता होते त्यांच्यात हे दुखणं फार क्वचित दिसतं. कातडी घट्ट राहिली की आत मळ साचतो, जागा सतत चिघळते. मग त्यांनी दोन्ही जांघा दाबून पाहिल्या. तिथं सुपारीसारख्या गाठी लागत होत्या. त्यांवर ते बराच वेळ बोट ठेवून राहिले.

दुसऱ्या दिवशी जागा बधिर करून त्यांनी वरची कातडी चिरली. मी मान उचलून पाहिलं. पुढच्या बोंडावर कोबीच्या फुलासारखं काहीतरी वाढलेलं होतं. माझ्या अंगावर ते आहे हे मला पटेना. त्यांनी त्याचा लहानसा तुकडा घेतला आणि मुंबईला तपासायला पाठवला. उत्तर येईपर्यंत मी मोटार चालवत होतो. वास कमी झाला होता, त्यामुळे मला वाटलं, झालं, बरं झालं.

उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बायकोला घेऊन या. दोघांना एकदमच सांगतो."

"मलाच सांगा की."

"तुम्ही घरी जाऊन तिला काही सांगणार नाही, हे मला दिसतंय," ते म्हणाले.

*

खोलीवर गेलो. शेवंता दारात भातुकली मांडून बसली होती. तिला शेजारी पाठवलं आणि दार लोटलं. यमुना चुलीपाशी होती. मी तिला म्हणालो की मला दुखणं आहे, लाजेच्या जागी, आणि डॉक्टरनं तुला बोलावलंय.

ती म्हणाली, "दाखवा."

मी दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण नजर काढली नाही. बराच वेळ ती तशीच बघत राहिली.

"येवढं सोसत हुता," ती म्हणाली, "आनि मला वाटत हुतं…" वाक्य तिनं पुरं केलं नाही. चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, त्यावर पाणी टाकलं, दुसरं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चला."

डॉक्टरांनी आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. आजाराचं नाव सांगितलं. लिंगाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागेल म्हणाले. औषधानं जाणार नाही. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. यमुनाच विचारत होती.

"जीव ऱ्हाईल का?"

"आत्ता काढलं तर आशा चांगली आहे. जांघेतल्या गाठींचं आज सांगता येत नाही. नुसत्या चिघळण्यानं आल्या असतील तर जखम भरली की विरतील. रोग तिथं पोचला असेल तर विरणार नाहीत."

"लगवी करता यील त्येन्ला?"

"येईल. बसून करावी लागेल."

"मग काय, बसून करतील," यमुना म्हणाली.

मी उठलो. म्हणालो, मला मोटार न्यायची हाय, आणि निघून आलो. यमुना मागं एकटीच बसून राहिली. मी भट्टी पेटवली, पंखा फिरवला, सोनईला गेलो आणि आलो. घाटात एकदा मनात आलं की चाक थोडंसं डावीकडे वळवलं तर सगळंच मिटेल. मागं पाशिंजर होते. एक बाई मूल पाजत होती. मी चाक सरळ धरलं.

*

मला शस्त्रक्रियेला तयार केलं ते भिवाजीबाबांनी. हे पाथर्डीकडचे म्हातारे धनगर. मी जखम धुवून घ्यायला गेलो तेव्हा बाकावर माझ्या शेजारी बसले होते. जांघेला मोठं फडकं बांधलेलं, बसताना एक पाय लांब. त्यांनी मला विचारलं, "तुला बी तितंच का?"

मी मान हलवली.

"गाठी फुटल्या का?"

"न्हाई. हायेत, पन लहान हायेत."

"माज्या फुटल्या," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, पावसापाण्याविषयी बोलावं तसा. "लई दिस झाकलं बग. लेकाला काय सांगावं, सुनंला काय सांगावं. मेंढरामागं रानात ऱ्हायचं, कुनाला कळतंय. आता डागदर म्हनतो, बाबा, तू लौकर याया पायजे हुतास. तुला काय म्हनला?"

"काढायचं म्हनतो. अर्धं."

"मग काढ की. मला तसं म्हनला असता तर मी हितंच धोतर सोडलं असतं."

मी आत गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं, कधी करायचं ते करा.

शेवंताला यमुनेचा भाऊ सोपान येऊन सोनईला घेऊन गेला. आम्ही दोघं दवाखान्यात राहायला गेलो.

*

कमरेत सुई दिली तेव्हा पायांपासून वर हळूहळू सगळं दगडासारखं झालं. मधे पांढरा कपडा आडवा धरलेला. मी जागा होतो. हत्यारांचा आवाज येत होता आणि मी दात खात होतो, तर कपड्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "रंगनाथराव, ती कोळशाची मोटार सुरू कशी करतात?"

मला आधी कळेना की हे माझ्याशी बोलत आहेत.

"भट्टी पेटवायची," मी म्हणालो.

"मग?"

"मग पंखा फिरवायचा. एकसारखा. घाई केली तर धूर नुसता काळा येतो. गॅस धरला का ते काडी लावून बघायचं, निळी ज्योत आली की समजायचं."

"आणि घाटात?"

मी घाटाचं सांगितलं. पाशिंजर कसे उतरवायचे, उतारावर काय करायचं, कोळसा ओला निघाला तर काय हाल होतात. माझं सांगणं चालू होतं आणि मधेच त्यांनी म्हटलं, "झालं बरं का आपलं." मला रडू आलं. सिस्टरनं कपाळावरचा घाम पुसता पुसता डोळेही पुसले, जणू तोही घामच.

*

वॉर्डात लोखंडी खाटांची रांग. सकाळी ताप बघायचा, मग झाडलोट, मग ड्रेसिंगची गाडी. ती गाडी लांबून वाजायला लागली की मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचो. लघवीच्या जागी रबरी नळी होती. शेजारचा विचारायचा, "तुमाला काय झालं?" मी सांगायचो, मुतखडा. त्याला ते पटत नसावं, पण त्यानं कधी ताणलं नाही.

एक गोष्ट मी विसरणार नाही. सिस्टर माझ्या खाटेशी आल्या की न विचारता पडदा लावायच्या. दुसऱ्यांना हातावरच्या, पायावरच्या जखमा. त्यांना पडदा लागत नसे. मग माझ्या एकट्याच्या पडद्यावरून लोक काही विचार करतील असं मला वाटायचं. बहुतेक ते सिस्टरांच्याही ध्यानात आलं, कारण दोन दिवसांनी त्या रांगेतल्या सगळ्यांनाच पडदा लावायला लागल्या.

लढाईमुळे पट्ट्यांची टंचाई होती. वापरलेल्या धुऊन पुन्हा वापरायच्या. आवाराच्या कडेला नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती, तिथं तीन दगडांवर यमुना आमचा स्वयंपाक करायची, आणि तो झाला की त्याच चुलीवर मोठ्या डेचक्यात माझ्या पट्ट्या उकळायची. उकळलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालताना ती पहिल्या दिवशी तोंड भिंतीकडे करून उभी होती. नंतर इतर बायकांशी बोलत बोलत घालायला लागली. पट्ट्या कशाच्या आहेत ते त्यांना सांगितलं का, असं मी विचारलं. "सांगितलं की," ती म्हणाली. "एकीनं तोंड वाकडं केलं. दुसरीनं साबन दिला."

उस्मानभाई दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे. मोसंबी आणायचे आणि मोटारीची तक्रार सांगत बसायचे: बदली ड्रायव्हरनं भट्टीत दगडी कोळसा घातला, घाटात मोटार मागं घसरली. दुखण्याचा विषय ते काढायचे नाहीत. जाताना फक्त विचारायचे, "तुझी सीट कुनाला देऊ नको ना?" मी म्हणायचो, नको.

नळी काढली त्या दिवशी मी मोरीत बसून लघवी केली. आग झाली, धार वाकडी गेली, पाय भिजले. तरी मी बाहेर येऊन यमुनेला खुणेनं सांगितलं की झाली, आणि ती हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

*

सोपान आला तो यमुना पट्ट्या उकळायला गेलेली असताना. माझ्या खाटेच्या कडेला बसला. माणूस वाईट नव्हता. पटका काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघत बोलायला लागला.

"दाजी, राग धरू नका. माजी भैन तरनी हाय."

"बोल."

"तुमी बरं झाला तरी आता… समजून घ्या. आपल्यात रीत हाय. तुमी राजीखुशीनं काडीमोड दिली तर तिचं मोहतूर लावून देऊ. पोरीला मी संबाळतो. कुनी तुमाला नाव ठिवनार न्हाई."

आमच्या समाजात सोडचिठ्ठी झालेल्या बाईचं दुसरं लग्न व्हायचं, त्यात कमीपणा नव्हता. सोपान म्हणत होता ते त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं. मला राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. अंगात रागावण्याइतकंही काही उरलं नाही असं वाटलं.

"तिला इचारलंस?"

"तिला काय इचारायचं. तुमी सोडल्याबिगर ती हालनार न्हाई."

"ती म्हनली तर मी आडवनार न्हाई," मी म्हणालो.

तो गेला. यमुना आली, पट्ट्या घडी करून खाटेखाली ठेवल्या. सोपान येऊन गेल्याचं तिला शेडमध्ये कळलंच होतं. तिनं नेहमीसारखी भाकरी वाढली. पण त्या दिवसापासून ती बाहेर गेली की मी दाराकडे बघत पडायचो.

त्याच सुमारास भिवाजीबाबांना त्यांच्या मुलांनी घरी नेलं. दवाखान्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांना बैलगाडीत कडब्यावर झोपवलं होतं. मी काठी घेऊन फाटकापर्यंत गेलो. त्यांनी विचारलं, "गाठी?"

"हायेत आजून."

"दाबून बगत जाऊ नगंस सारखं," ते म्हणाले. "मी लई दाबायचो."

मी खरंच दिवसभर दाबून बघत असे. पांघरुणाखाली हात नेऊन. कधी लहान लागायच्या, कधी मोठ्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, हात लावायचा नाही. बाबा गेल्यावर मी ते बंद केलं. निदान कमी केलं.

*

घरी आल्यावर जखम भरत गेली. ठरल्या दिवशी तपासायला गेलो. डॉक्टरांनी जांघा दाबल्या, पुन्हा दाबल्या, मला कुशीवर करून दाबल्या. मी छताकडे बघत होतो.

"इकडची गेली," ते म्हणाले. "इकडची हरभऱ्याएवढी आहे. जाईल."

ती गेली. पुढं कितीतरी वर्षं मी तपासायला जात राहिलो आणि ते दरवेळी तितक्याच शांतपणे दाबून बघत राहिले. रोग परत आला नाही.

आता यमुनेनं जे अर्धं ठेवू नका म्हटलं ते. ज्याला हा आजार होतो तो जिवाच्या आधी हाच प्रश्न मनात विचारतो, फक्त तोंडानं विचारत नाही. मीही विचारला नाही. डॉक्टरांनीच सांगितलं की उरलं आहे तेवढ्यात नवराबायकोचा संसार होऊ शकतो, धीर धरा. धीर मला नव्हता, भीती होती. वर्षभर मी ओट्यावरच झोपत होतो. मग एक दिवस यमुनेनं माझी वळकटी उचलून आत नेऊन टाकली. जमलं नाही तर जमलं नाही, म्हणाली, पण हितं पडा. पहिल्या वेळी जमलं नाही. मग तिनं बाजारातल्या कुठल्याशा बाईची गोष्ट काढली आणि आम्ही हसलो. पुढं जमलं. पूर्वीसारखं नव्हे, पण आमचं आम्हाला पुरलं. आम्हाला त्यानंतर एक मुलगाही झाला. सगळ्यांना होईल असं मी म्हणत नाही. पण ज्याचं सगळं संपलं असं त्याला वाटतं, त्यानं एवढं वाचावं.

आणखी एक. हल्लीच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की असल्या चामखिळी आणि असल्या कॅन्सरच्या मागे पुष्कळदा एक विषाणू असतो. तो फार जणांच्या अंगात येतो आणि बहुतेकांचा आपोआप निघून जातो. एखाद्याचा राहतो. नवराबायकोच्या साध्या संसारातही तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. कुणाकडून आला ते सांगता येत नाही, आणि शोधूही नये. बायकोनंही तपासून घ्यावं असं त्या म्हणाल्या. यमुना या वयात जाऊन तपासून आली. काही निघालं नाही. हे ऐकून मला त्या जुन्या दिवसांतला मी आठवला, ज्याला त्याला "मी तसलं काही केलं नाही" म्हणून सांगत सुटलेला. यमुना सोडली तर ज्यांना मी ते सांगितलं, त्यांपैकी एकानंही ते विचारलेलं नव्हतं.

*

शेवटी जो दिवस सांगायचा आहे तो गाठ गेली त्याच्या नंतरचा, आणि वळकटी आत जाण्याच्या बराच आधीचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा पुन्हा मोटार घेतली. उस्मानभाईंनी सीटवर जाड गादी घालून दिली होती. यमुना म्हणाली, "मी बी येते. पोरीला आनायची हाय."

ती बायकांच्या बाकावर, माझ्या मागं बसली. मांडीवर एक बोचकं. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही. माहेरी राहायला जाणाऱ्या बाईचं असतं तेवढं मोठं ते होतं. घाटात पाशिंजर उतरले तेव्हा तीही उतरली आणि पुरुषांबरोबर मागून ढकलायला लागली. एक जण म्हणाला, बाई, तुम्ही राहू द्या. ती म्हणाली, "माझ्या घरच्याची मोटार हाय."

घोडेगाव गेलं. सोनई आली. ती उतरली, बोचकं काखेत घेतलं, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"परत कवा निघनार मोटार?"

"दुपारी. ऊन कललं की."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

मी त्या दिवशी जेवलो नाही. भट्टी साफ केली, कोळसा निवडला, टायर ठोकून पाहिले. वेळ झाली. पाशिंजर बसले. मी पंखा फिरवायला लागलो आणि फिरवतच राहिलो. गॅस केव्हाच धरला होता. एक म्हातारा आतून म्हणाला, "ड्रायव्हर, आता काय पहाट करता का?"

तेव्हा ते आले. पुढं शेवंता धावत, तिच्या मागं यमुना, रिकाम्या हातानं. सगळ्यात मागं सोपान. बोचकं त्याच्या डोक्यावर होतं आणि आता दुपटीनं मोठं झालं होतं. त्याच्यावर शेंगांची पिशवीही होती. यमुनेनं त्याला काय सांगितलं ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. आमचं भावाबहिणीचं, म्हणाली.

सोपाननं बोचकं टपावर चढवलं, दोरी घट्ट आवळली आणि माझ्या खिडकीशी आला. माझ्याकडे न बघता त्यानं दारावर हात ठेवला.

"घाटात सावकाश चालवा, दाजी," तो म्हणाला. "पोर झोपंल."